मलालाचे नेतृत्वगुण : गोळीच्या आधीचे आणि नंतरचे



इथल्या शाळांमध्ये ‘लीडरशिप’ या शब्दाला फार वजन आहे. पालकसभेला गेलो की शिक्षिका सांगतात, मुलीचा अभ्यास उत्तम चालला आहे, आता थोडी लीडरशिप दिसू दे. मग प्रीफेक्टचा बिल्ला, संघाचे कर्णधारपद, वक्तृत्व स्पर्धा असे सगळे सुरू होते आणि विद्यापीठाचा अर्ज भरायची वेळ आली की त्याची यादी तयार होते. यात वाईट काहीच नाही. पण नेतृत्व म्हणजे नेमके काय, ते येते कुठून आणि घरात ते वाढवता येते का, या प्रश्नांची उत्तरे त्या यादीत मिळत नाहीत. म्हणून या वेळी आम्ही अशा एका मुलीविषयी लिहायचे ठरवले, जिचे नाव आपल्या मुलांना शाळेतूनच ठाऊक असते, पण जिची गोष्ट बहुतेक वेळा मधूनच सुरू केली जाते.

ती मुलगी म्हणजे मलाला युसूफझाई. तिची गोष्ट सांगताना आपण सारे ९ ऑक्टोबर २०१२ या दिवसापासून सुरुवात करतो. परीक्षा देऊन शाळेच्या गाडीतून घरी निघालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर तालिबानी बंदूकधाऱ्याने गोळी झाडली. मग आपल्या बर्मिंगहॅमचे रुग्णालय, संयुक्त राष्ट्रसंघातील भाषण आणि नोबेल पारितोषिक. अशा क्रमाने ऐकले की मुलांना वाटते, गोळी लागली म्हणून ती नेता झाली. आम्हाला मात्र तिच्याविषयी वाचताना वेगळेच जाणवले. गोळीमुळे तिला सारे जग श्रोता म्हणून मिळाले, पण ज्याला नेतृत्व म्हणावे ते त्याआधीच चार वर्षे आकार घेत होते. ते कसे, हेच थोडे विस्ताराने पाहू.

स्वातचे खोरे आणि वडिलांची शाळा

पाकिस्तानच्या वायव्येला स्वातचे निसर्गरम्य खोरे आहे. तिथल्या मिंगोरा या शहरात १२ जुलै १९९७ रोजी मलालाचा जन्म झाला. तिचे नाव ठेवले ते मैवंदच्या मलालाईवरून. १८८० साली अफगाणिस्तानात मैवंद येथे ब्रिटिशांशी लढाई झाली, तेव्हा खचलेल्या सैनिकांना धीर देणाऱ्या या मुलीची कथा पश्तून घराघरांत सांगितली जाते, जशी आपल्याकडे झाशीच्या राणीची.

वडील झियाउद्दीन यांनी मिंगोऱ्यात खुशाल नावाची शाळा काढली होती. पश्तो कवी खुशालखान खटक यांच्या नावावरून हे नाव. झियाउद्दीन स्वतः लहानपणी बोलताना अडखळत असत, आणि तरीही हट्टाने वक्तृत्व स्पर्धांत उतरत. त्यांच्या घराण्याची वंशावळ कित्येक पिढ्यांची होती, पण तीत एकाही स्त्रीचे नाव नव्हते. मुलगी झाल्यावर त्यांनी तीत तिचे नाव लिहिले. आई तूर पेकाई लहानपणी शाळेत गेल्या होत्या, पण बरोबर खेळणाऱ्या मैत्रिणी घरीच असत. एक दिवस त्यांनी पुस्तके विकून खाऊ घेतला आणि शाळा संपली. लिहायला-वाचायला त्या शिकल्या ते पुढे बर्मिंगहॅमला आल्यावर. शाळा चालवणारे वडील आणि शाळा सुटलेली आई अशा घरात मलाला वाढली. शिक्षण मिळाले तर काय होते आणि सुटले तर काय होते, हे दोन्ही तिला घरातच दिसत होते.

२००७ च्या सुमारास मौलाना फजलुल्ला याच्या तालिबान्यांनी खोऱ्यात जम बसवला. एफएम रेडिओवरून रोज रात्री फर्माने निघत. संगीत बंद, दूरचित्रवाणी बंद, बायकांनी बाजारात जाणे बंद. शाळा उडवल्या जाऊ लागल्या. मग जाहीर झाले की १५ जानेवारी २००९ नंतर एकही मुलगी शाळेत जाणार नाही.

पहिला गुण : जे दिसते ते मोजून सांगणे

सप्टेंबर २००८ मध्ये झियाउद्दीन मुलीला पेशावरच्या प्रेस क्लबमध्ये घेऊन गेले. अकरा वर्षांच्या मलालाने तिथे पत्रकारांसमोर विचारले, की शिक्षणाचा माझा हक्क हिरावून घेण्याची तालिबानची हिंमतच कशी होते? हे तिचे पहिले गाजलेले भाषण. पण आमच्या मते तिचे खरे वेगळेपण दिसते ते त्यानंतरच्या डायरीत.

बीबीसी उर्दूला आपल्या संकेतस्थळासाठी स्वातमधील एखाद्या शाळकरी मुलीची डायरी हवी होती. एका मोठ्या मुलीने तयारी दाखवली, पण तिच्या घरच्यांनी भीतीपोटी नकार दिला, आणि तो काही चुकीचा म्हणता येणार नाही. मग हे काम पाचवीतल्या मलालाकडे आले. ‘गुल मकाई’ या टोपणनावाने ३ जानेवारी २००९ पासून मार्चपर्यंत तिची डायरी प्रसिद्ध होत गेली.

या डायरीत मोठमोठे विचार नाहीत. पहिल्याच नोंदीत ती लिहिते की आज वर्गात २७ पैकी ११ मुली आल्या. तीन मैत्रिणींची कुटुंबे पेशावर, लाहोर आणि रावळपिंडीला निघून गेली. गणवेश घालू नका, साध्या कपड्यांत या असे शाळेने सांगितले, तेव्हा तिने आवडता गुलाबी पोशाख काढला. पुढे सूचना आली की रंगीत कपडेही नकोत. १४ जानेवारीला मुख्याध्यापिकांनी सुट्टी जाहीर केली, पण शाळा पुन्हा कधी उघडणार ते सांगितले नाही, हे तिने नेमके टिपले. त्या दिवशी मुली मैदानावर नेहमीपेक्षा जास्त वेळ खेळत राहिल्या.

२७ पैकी ११! स्त्रीशिक्षणावरच्या दहा भाषणांपेक्षा हा हजेरीचा आकडा जास्त बोलतो. आपल्या वर्गातले रिकामे बाक मोजायचे आणि ती संख्या जगाला सांगायची, हे अकरा वर्षांच्या मुलीला जमले. कुणाची जागा रिकामी आहे याकडे लक्ष जाणे ही नेतृत्वाची सुरुवात, असे आम्हाला वाटते. आवाज मोठा असणे ही त्यानंतरची गोष्ट.

दुसरा गुण : भीती मान्य करूनही शाळेत जाणे

त्या पहिल्या नोंदीचा विषयच मुळी भीती हा होता. लष्करी हेलिकॉप्टर आणि तालिबान यांचे भयानक स्वप्न पडले, असे ती मोकळेपणाने सांगते. आपण मुलांना शूरांच्या गोष्टी सांगताना बऱ्याचदा ‘ती कुणालाही घाबरली नाही’ असे म्हणून जातो. मलाला घाबरत होती आणि तरीही शाळेत जात होती. घाबरणाऱ्या मुलाला ही दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडते.

फेब्रुवारी २००९ मध्ये सरकार आणि तालिबान यांच्यात समझोता झाल्यावर मुलींना चौथीपर्यंतच शाळेत जाण्याची मुभा मिळाली. मलाला आणि तिच्या मैत्रिणी पाचवीत होत्या. त्या साध्या कपड्यांत, पुस्तके शालीखाली लपवून, आम्ही चौथीतल्याच म्हणत शाळेत जात राहिल्या. शिकवणाऱ्या बाईही तितक्याच धीराच्या म्हणायला हव्यात. मे २००९ मध्ये लष्करी कारवाई सुरू झाली आणि सुमारे २० लाख माणसे त्या भागातून विस्थापित झाली. मलालाचे कुटुंबही सुमारे तीन महिने नातेवाइकांकडे राहून मग परतले.

तिसरा गुण : तक्रारीवरून ठरावाकडे

परतल्यावर ती स्वातच्या जिल्हा बालसभेची अध्यक्ष झाली. युनिसेफच्या मदतीने चालणाऱ्या या सभेत मुलामुलींनी चर्चा करायची, ठराव करायचे आणि ते अधिकाऱ्यांकडे पाठवायचे. बालमजुरी थांबवा, पाडलेल्या शाळा पुन्हा बांधा, असे ते ठराव होते. सभा चालवायची, दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ द्यायचे, मागणी एका वाक्यात मांडायची, ही शिस्त तिथे मिळाली. डिसेंबर २०११ मध्ये पाकिस्तान सरकारने तिला युवकांसाठीचा पहिला राष्ट्रीय शांतता पुरस्कार दिला. म्हणजे गोळीच्या आधीच तिच्या देशात तिचे नाव झाले होते, आणि त्यामुळेच ती लक्ष्य ठरली.

याचा परिणाम पुढे दिसतो. जुलै २०१४ मध्ये आपल्या सतराव्या वाढदिवशी ती नायजेरियात होती. एप्रिलमध्ये चिबोक येथील शाळेतून बोको हरामने २७६ मुली पळवल्या होत्या आणि तीन महिने उलटूनही राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन त्यांच्या आईवडिलांना भेटले नव्हते. मलालाने त्यांच्याकडे जी गोष्ट मागितली ती साधीच होती, की या पालकांना भेटा. त्याच महिन्यात ती भेट झाली. मुली त्यामुळे परत आल्या नाहीत, हेही तितकेच खरे. त्याआधी ऑक्टोबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांना भेटली तेव्हा ड्रोन हल्ल्यांत निरपराध माणसे मरतात आणि त्यातून दहशतवादाला खतपाणी मिळते, हे तिने त्यांच्यासमोर सांगितले. ज्यांनी कौतुकाने बोलावले त्यांनाच अवघड गोष्ट सांगायची, तीही सोळाव्या वर्षी! हे आपल्यातल्या किती मोठ्यांना जमेल?

चौथा गुण : ‘मी’च्या जागी ‘आम्ही’

त्या दिवशी गाडीत आणखी दोन मुली जखमी झाल्या होत्या, शाझिया रमझान आणि कायनात रियाझ. त्यांची नावे फारशी कुणाला आठवत नाहीत. मलाला विसरली नाही. १० डिसेंबर २०१४ रोजी ऑस्लोला नोबेल स्वीकारताना या दोघी, तसेच सीरिया आणि नायजेरियातील मुली तिच्या निमंत्रणावरून हजर होत्या. आपण एकटा आवाज नसून शाळेबाहेर राहिलेल्या कोट्यवधी मुलींपैकी एक आहोत, असे तिने भाषणात सांगितले. हे पारितोषिक तिला आपल्या कैलाश सत्यार्थी यांच्यासह विभागून मिळाले. बालमजुरीविरुद्ध अनेक दशके काम केलेले साठीतले भारतीय गृहस्थ आणि सतरा वर्षांची पाकिस्तानी मुलगी एका व्यासपीठावर, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल.

पैशांचेही तसेच. २०१४ मध्ये मिळालेल्या जागतिक बालक पुरस्काराचे ५० हजार डॉलर तिने गाझातील शाळांच्या दुरुस्तीसाठी दिले. नोबेलच्या रकमेतून शांगला या तिच्या वडिलांच्या डोंगराळ जिल्ह्यात मुलींची शाळा उभी राहिली आणि २०१८ मध्ये सुरू झाली. २०१३ साली स्थापन झालेला मलाला फंड पाकिस्तान, नायजेरिया, अफगाणिस्तान, भारत अशा देशांतील स्थानिक कार्यकर्त्यांना मदत करत आला आहे. त्या कार्यकर्त्यांच्या जाळ्याला सुरुवातीला नाव होते ‘गुलमकाई’. ज्या टोपणनावामागे एकेकाळी एक मुलगी लपली, ते नाव नंतर इतरांना दिले गेले.

एक अवघड प्रश्न

मंडळी, आपण सारे पालक आहोत, त्यामुळे एक प्रश्न टाळता येत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला एवढ्या धोक्यात पुढे करणे वडिलांना शोभले का? डायरीसाठी दुसऱ्या मुलीच्या आईवडिलांनी नकार दिला, तो आपल्यातल्या बहुतेकांनी दिलाच असता.

झियाउद्दीन यांना हा प्रश्न परक्यांनी विचारायची गरज पडली नाही. मुलगी मृत्यूशी झुंजत असताना त्यांनी स्वतःच पत्नीला विचारले, की हे माझ्यामुळे झाले का? तूर पेकाईंनी त्यांना सांगितले, तुम्ही चांगल्या कामासाठी उभे राहिलात, दोष स्वतःकडे घेऊ नका. नंतर त्यांनी असेही सांगितले की आपण मुलीसाठी विशेष काही केले नाही, फक्त तिचे पंख छाटले नाहीत. आम्हाला यावर निवाडा द्यायचा नाही. एवढेच म्हणता येईल की शाळेत जाणे हेच जिथे धोक्याचे होते, तिथे गप्प बसणारी मुलगीही सुरक्षित नव्हती. आपल्या मुलांपुढे तसा धोका नाही, याबद्दल कृतज्ञ असावे, आणि बोलायची किंमत किती असू शकते हे त्यांना अवश्य सांगावे.

टीका सहन करणे हाही गुणच

मलालाविषयी तिच्या देशात एकमत नाही. ती पाश्चात्त्यांची हस्तक आहे, हल्ला बनावट होता, असेही म्हणणारे लोक आहेत. तिचे आत्मचरित्र २०१३ मध्ये आले, तेव्हा तिथल्या खासगी शाळांच्या एका संघटनेने ते आपल्या शाळांत ठेवण्यास मनाई केली. ड्रोन हल्ल्यांत जखमी झालेल्या मुलींकडे जगाने असेच लक्ष का दिले नाही, हा काही टीकाकारांचा प्रश्न तर रास्तच आहे. मलालाने टीकाकारांशी भांडण मांडले नाही. गोळी झाडणाऱ्याचाही सूड नको, त्याच्या मुलामुलींनाही शिक्षण मिळावे, असे तिने १२ जुलै २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात सांगितले होते. मार्च २०१८ मध्ये ती प्रथमच पाकिस्तानात परतली, तेव्हा आपल्या जुन्या घरी जाऊन आली.

दरम्यान तिने स्वतःचे शिक्षण सोडले नाही. एजबॅस्टनच्या मुलींच्या शाळेत ती जात राहिली. नोबेल जाहीर झाले तेव्हा ती वर्गात होती आणि त्या दिवशीचे तास पूर्ण करूनच पत्रकारांसमोर आली. २०१७ मध्ये ऑक्सफर्डला प्रवेश, २०२० मध्ये पदवी. तिथे अभ्यासात मागे पडणे, एकटेपणा आणि मनावरचा ताण यांविषयी तिने २०२५ च्या आपल्या नव्या आठवणींच्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. नेत्यालाही मदत लागते, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण कोणते?

हे काम अजून संपलेले नाही

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये परतले. मार्च २०२२ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार असे सांगून ऐन वेळी त्या बंद ठेवल्या गेल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचे दारही लागले. मुलींना सहावीपर्यंतच शिकू देणारा तो जगातील एकमेव देश आहे. २०२५ पर्यंत सुमारे २२ लाख मुली या बंदीत अडकल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. स्वातमध्ये चौथी, इथे सहावी. रेघ थोडी सरकली इतकेच. जानेवारी २०२५ मध्ये इस्लामाबादला मुस्लिम देशांची मुलींच्या शिक्षणावर परिषद झाली, तेव्हा मलालाने तिथल्या नेत्यांना याच प्रश्नावर स्पष्ट बोलण्याचे आवाहन केले. युनेस्कोच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगभरात २५ कोटी मुले-मुली शाळेबाहेर होती आणि त्यांत १२ कोटींहून अधिक मुली होत्या.

आणि आपण?

मलालाची डायरी ३ जानेवारीला सुरू झाली. हा आपल्या सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस! हा निव्वळ योगायोग, पण मुलांना सांगण्याजोगा. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिनेही कुणाचे ऐकीव विचार न मांडता, आपल्या लोकांचे जे हाल होत होते ते स्पष्ट शब्दांत लिहिले. शिकलेली मुलगी लिहू लागली की काय घडते, हे मराठी भाषेने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिले आहे.

म्हणून आमची आपणाला तीन छोट्या गोष्टींची विनंती आहे.

एक, मुलांना वर्गातल्या पहिल्या नंबराविषयी विचारतो तसे कधी रिकाम्या बाकाविषयीही विचारा. कोण येत नाही? कुणाला खेळात घेत नाहीत? का?

दोन, घरात मोठी माणसे बोलत असताना मुलांना ‘तू आत जा’ म्हणू नका. झियाउद्दीन यांच्याकडे पाहुणे देशाच्या स्थितीवर बोलत, तेव्हा मलाला तिथेच बसून ऐकत असे. आपल्याकडे तर चहाबरोबर राजकारण नेहमीच असते!

तीन, पुढच्या रविवारी भारतात फोन लावाल तेव्हा मुलांना आजीशी किंवा पणजीशी बोलू द्या आणि एवढेच विचारायला सांगा, ‘आजी, तू कितवीपर्यंत शिकलीस? पुढे का नाही शिकलीस?’ कुणाची शाळा चौथीला सुटली असेल, कुणी सातवीची फायनल दिली असेल, कुणासाठी वडील किंवा भाऊ भांडले असतील. मुली शाळेबाहेर राहण्याची गोष्ट फक्त स्वातची किंवा काबूलची नाही, ती आपल्याच घरात एक-दोन पिढ्यांमागे होती, हे मुलांना त्या एका फोनवरून कळेल.

आज्यांची उत्तरे आम्हालाही जरूर कळवा. पुढच्या अंकात ती छापायला आम्हाला फार आवडेल.